वीजगृहाच्या वेळापत्रकात महसीरसाठी जागा: नर्मदेकाठी काम करू पाहणाऱ्यांसाठी सविस्तर मार्गदर्शक

इंदूरच्या नळाला येणारं नर्मदेचं पाणी १९७८ पासून मंडलेश्वरजवळच्या जलूदहून विंध्याचा चढ चढून येतं. जलूदच्या वरच्या अंगाला ओंकारेश्वरचं धरण आहे आणि त्याच्याही वर पुनासाजवळ इंदिरा सागर. म्हणजे आपण पितो ते पाणी बहुतेक दिवस दोन वीजगृहांच्या टर्बाइनमधून निघून आलेलं असतं, आणि याच पाण्यात महसीर राहतो. मध्य प्रदेशने २०११ मध्ये त्याला राज्य मासा ठरवलं. निमाडातले केवट आणि कहार हे मासेमार समाज त्याला बाडस म्हणतात. आपल्या मत्स्यशास्त्रज्ञांनी केलेल्या याद्यांमध्ये तो संकटग्रस्त माशांत मोडतो.

इंदूरमध्ये परिक्रमा केलेली माणसं गल्लोगल्ली भेटतात. ओंकारेश्वर-महेश्वरला वर्षातून दोन-तीनदा जाणारी मराठी घरं तर असंख्य आहेत. हा लेख त्यांच्यासाठी, निसर्गमंडळांसाठी आणि विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी आहे. धरण बांधून झालेलं आहे, वीजही लागणार आहे. प्रश्न उरतो तो वीजगृह कधी आणि कसं चालवायचं याचा. तिथे नागरिकांना करण्यासारखं बरंच आहे.

आधी नुकसान नेमकं कशाने होतं ते समजून घ्या

जलविद्युत केंद्राचं मोठेपण असं की ते काही मिनिटांत सुरू होतं आणि काही मिनिटांत थांबतं. म्हणून संध्याकाळी मागणी वाढली की यंत्रं लावतात आणि रात्री ती घटली की बंद करतात. आता दिवसा सौरऊर्जा भरपूर मिळू लागली आहे. खुद्द ओंकारेश्वरच्या जलाशयावर ६०० मेगावॉटचा तरंगता सौर प्रकल्प आखलेला आहे. त्यामुळे जलविद्युत केंद्रं दिवसा थांबवून संध्याकाळी जोरात चालवण्याकडे ओढा वाढतच जाणार.

ओंकारेश्वरला ६५ मेगावॉटची ८ यंत्रं आहेत, एकूण ५२० मेगावॉट. पाणी किती उंचीवरून पडतं ते लक्षात घेऊन हिशेब केला तर एका यंत्राला सेकंदाला साधारण सव्वादोनशे ते अडीचशे घनमीटर पाणी लागतं. आठही यंत्रं चालू असली की खाली मोठी नदी वाहते, आणि ती बंद पडली की तासा-दोन तासांत खडक उघडे पडतात.

चढणाऱ्या पाण्यापेक्षा उतरणारं पाणी माशाला जास्त महागात पडतं. पाणी चढतं तेव्हा पिल्लं काठाकडे, उथळ गोट्यांमध्ये सरकतात, कारण तिथे प्रवाह मंद असतो. मग पाणी झपाट्याने उतरलं की ती तिथेच डबक्यात अडकतात. उन्हात डबकं तापतं, त्यातला ऑक्सिजन संपतो, उरलेलं काम बगळे आणि कावळे करतात. सपाट वाळूगोट्यांच्या काठावर उतार ३० ला १ असेल, तर पाणी १० सेंटिमीटर उतरताच ३ मीटर रुंदीचा पट्टा उघडा पडतो. अंड्यांना तर हलताही येत नाही. महसीरची अंडी जड असतात, ती तळाच्या गोट्यांत बसतात आणि तीन-चार दिवसांत फुटतात. फुटल्यावरही पिवळा बलक संपेपर्यंत पिल्लं तिथेच दडून असतात. या काळात एक रात्र जरी गोटे कोरडे पडले तरी त्या जागेची सगळी वीण जाते.

माणसांनाही याचा अनुभव आहे. ७ एप्रिल २००५ रोजी देवास जिल्ह्यात नर्मदेकाठच्या धाराजीच्या मेळ्यात वीजनिर्मितीसाठी वरून सोडलेलं पाणी अचानक चढलं आणि ५० हून अधिक भाविकांचा मृत्यू झाला. काठावर काम करताना ही तारीख प्रत्येकाने लक्षात ठेवायची आहे.

बाकीची कारणं थोडक्यात. उन्हाळ्यात खोल जलाशयातल्या पाण्याचे थर पडतात. तळाचं पाणी थंड आणि ऑक्सिजनला पारखं असतं, आणि टर्बाइनचं तोंड खोलवर असेल तर तेच खाली येतं. पुरात सांडव्यावरून कोसळणारं पाणी हवा खोल ओढून नेतं. नायट्रोजन प्रमाणाबाहेर विरघळला तर माशाच्या रक्तात बुडबुडे धरतात. टर्बाइनमधून जाणारा मासा पात्यांनी किंवा दाबाच्या झटक्याने मरतो. शिवाय धरणामागे गोटे आणि रेती अडकते, म्हणजे खालच्या पात्रात विणीची जागाच हळूहळू झिजते. त्यात रेतीचा उपसा सुरू असेल तर विचारायलाच नको.

पहिली पायरी: कोणाच्या हातात काय आहे त्याचा कागद करा

इंदिरा सागर (१२५ मेगावॉटची ८ यंत्रं, १००० मेगावॉट) आणि ओंकारेश्वर ही दोन्ही केंद्रं एनएचडीसी चालवते. ही एनएचपीसी (केंद्र सरकारची जलविद्युत कंपनी) आणि मध्य प्रदेश शासन यांची संयुक्त कंपनी आहे. कोणत्या वेळी किती वीज हवी, हे जबलपूरचं राज्य भार प्रेषण केंद्र ठरवतं. त्यासाठी दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ तुकडे पाडलेले असतात. चार राज्यांमधल्या पाणीवाटपावर देखरेख ठेवणारं नर्मदा नियंत्रण प्राधिकरण आपल्या इंदूरमध्येच आहे. मासेमारीचे नियम मत्स्यविभागाकडे, नदीत सोडलेल्या सांडपाण्याचं नियंत्रण राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे.

निवेदनं बहुतेक वेळा कलेक्टर कचेरीत दिली जातात. तिथून ती फिरत राहतात. वेळापत्रकाचा प्रश्न एनएचडीसी, भार प्रेषण केंद्र आणि प्राधिकरण या तिघांकडे एकाच वेळी गेला पाहिजे, नाही तर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

दुसरी पायरी: माशाचं वर्ष ओळखा

चढणीचा मासा आपल्याला नवा नाही. पहिल्या पुराबरोबर महसीर मुख्य पात्रातून उपनद्यांच्या तोंडाकडे आणि वर सरकतो. स्वच्छ, वाहतं पाणी आणि गोट्यांचा तळ शोधतो. वीण पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या काही आठवड्यांत होते. आपल्या बाजूला चोरल बडवाहजवळ नर्मदेला मिळते, ओंकारेश्वरला कावेरी मिळते, महेश्वरला महेश्वरी, पलीकडून कसरावदकडची वेदा. या संगमांवर नजर ठेवा. मुख्य नदी झपाट्याने उतरली की उपनदीच्या तोंडाशी उथळ पट्टा तयार होतो आणि आत गेलेला मासा आतच राहतो.

जुन्या केवटांशी बोला. घाईने प्रश्नावली पुढे करू नका. आधी ‘नर्मदे हर’, मग चहा, मग ‘दादा, बाडस अब कहाँ मिलता है?’ कोणत्या डोहात उन्हाळा काढतो, कोणत्या धारेत अंडी घालतो, धरणानंतर काय बदललं, हे सगळं त्यांना पाठ असतं. डोहांची नेमकी जागा मात्र कुठेही जाहीर करू नका. ती माहिती सुरुंग लावून मासे मारणाऱ्यांच्याही हाती पडते.

मासा ओळखायला शिका. महसीरचे खवले मोठे असतात, बाजूच्या रेषेवर साधारण २२ ते २८. ओठ जाड असतात आणि तोंडाशी मिशांच्या दोन जोड्या असतात.

तिसरी पायरी: काठावरची नोंद

या कामाला खर्च जवळजवळ नाही. चिकाटी मात्र लागते.

घाटाच्या पायऱ्या ही आयती मोजपट्टी आहे. मोरटक्का, बडवाह, मंडलेश्वर किंवा महेश्वर इथला एक घाट निवडा. पायऱ्यांची उंची टेपने मोजून कागदावर घ्या आणि सर्वांत वरच्या पायरीला शून्य धरा. मग ठरलेल्या दिवशी दर १५ मिनिटांनी पाणी कुठे आहे ते लिहा. पंधरा मिनिटंच का, तर वीजगृहाचं वेळापत्रकही त्याच मापात असतं, आणि पुढे दोन्ही तक्ते शेजारी ठेवता येतात. दर नोंदीला वेळ दिसेल असा फोटो काढा. एकाच माणसाला बारा तास बसवू नका. तीन-चार घरांत वाटून घ्या.

पाणी उतरू लागतं तेव्हाची नोंद सर्वांत मोलाची. बहुधा ती रात्री उशिरा किंवा पहाटे येते, आणि लोक नेमके तेव्हाच घरी गेलेले असतात. संध्याकाळचं चढतं पाणी टिपून परत येऊ नका.

त्याच वेळी पाण्याचं तापमान घ्या आणि शक्य असेल तर विरघळलेला ऑक्सिजन तपासा. त्यासाठीचा संच प्रयोगशाळेच्या दुकानात मिळतो आणि कॉलेजचा विद्यार्थीही तो वापरू शकतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत मासे आणि वन्यजीवांसाठीच्या पाण्यात लिटरला किमान ४ मिलिग्रॅम ऑक्सिजन हवा. महसीर वाहत्या, स्वच्छ पाण्यातला मासा असल्याने त्याला ४ वर समाधान मानणं बरोबर नाही. पहाटेची आणि वीजगृह नुकतंच सुरू झाल्यावरची, अशा दोन नोंदी घ्याच.

धरणाच्या अगदी खाली जाऊ नका. पात्रातल्या खडकावर, बेटावर कुणीही बसायचं नाही. भोंगा वाजला तर सामान सोडून वर या. शाळेच्या मुलांना घाटाच्या वरच्या पायरीपुढे नेऊ नका.

केंद्रीय जल आयोगाचं मंडलेश्वरला मोजणी केंद्र आहे. तुमचे आकडे तिथल्या आकड्यांशी ताडून पाहा; पुढे कुणी शंका घेतली तर हाच आधार ठरतो.

चौथी पायरी: कागद मागवा

माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो आणि उत्तर ३० दिवसांत यायला हवं. अर्ज हिंदीत करा. मोघम प्रश्नाला मोघम उत्तर येतं, म्हणून ‘माशांसाठी काय उपाय केले’ असं विचारू नका. हे मागा: अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत दर १५ मिनिटांची, यंत्रनिहाय वीजनिर्मिती, त्याच काळातला टर्बाइन आणि सांडव्यातून झालेला विसर्ग, वीजनिर्मिती शून्य असताना खाली किती पाणी सोडलं, पर्यावरण मंजुरीच्या पत्राची प्रत, आणि त्यातल्या मत्स्यसंवर्धनाच्या अटींचं काय झालं याचे सहामाही अहवाल. हे अहवाल १ जून आणि १ डिसेंबरला देणं अपेक्षित असतं, आणि बरेचसे पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश संकेतस्थळावरही सापडतात.

उत्तर आलं नाही किंवा अपुरं आलं तर ३० दिवसांत पहिलं अपील करा. आकडे हाती आले की तुमच्या घाटावरच्या तक्त्याशी जोडा. यंत्रं बंद झाल्याची वेळ आणि घाटावर पाणी उतरू लागल्याची वेळ यातलं अंतर म्हणजे लाटेला खाली यायला लागणारा वेळ. तो एकदा कळला की पुढे प्रत्येक रात्रीचा हिशेब घरबसल्या मांडता येतो.

पाचवी पायरी: मागणी नेमकी करा

सगळ्या कामाचा कस इथे लागतो. ‘वीजगृह बंद करा’ म्हटलं की चर्चा संपते. ‘नदीला पाणी सोडा’ म्हटलं की ‘सोडतोच’ हे उत्तर ठरलेलं.

माझ्या मते मुख्य मागणी एकच असावी: संध्याकाळच्या चढउताराचं ओझं इंदिरा सागरने उचलावं आणि ओंकारेश्वरने खाली एकसारखं पाणी सोडावं. इंदिरा सागरच्या खाली ओंकारेश्वरचा फुगवटा आहे. तिथे वाहती नदी उरलेलीच नाही, त्यामुळे वरून लाट आली तरी जलाशय ती पोटात घेतो. ओंकारेश्वरच्या खाली मात्र सरदार सरोवराचा फुगवटा सुरू होईपर्यंत नदी अजून काही ठिकाणी नदीसारखी वाहते. सांभाळायचा तो हाच पट्टा.

हे शक्य आहे का? हिशेब करून पाहू. इंदिरा सागरची आठही यंत्रं पूर्ण चालली की सेकंदाला साधारण १८४० घनमीटर पाणी सुटतं. ती दिवसातून ६ तास चालली असं धरा. तेच पाणी ओंकारेश्वरने २४ तासांत समान वाटून सोडलं तर सेकंदाला ४६० घनमीटर होतं, म्हणजे दोन यंत्रं अखंड चालू. त्यासाठी मधल्या जलाशयात तात्पुरतं सुमारे ३ कोटी घनमीटर पाणी धरावं लागेल. ओंकारेश्वरचा उपयुक्त साठा सुमारे ३० कोटी घनमीटर आहे, म्हणजे त्याचा दहावा भाग पुरतो. वीजनिर्मिती बुडत नाही; ओंकारेश्वरची वीज फक्त संध्याकाळऐवजी दिवसभर विभागली जाते. संध्याकाळच्या महाग विजेचं काही उत्पन्न त्यात जाईल, आणि ते प्रामाणिकपणे मान्य करूनच चर्चेला बसावं.

पूर्ण समान वाटप लगेच मान्य होणार नाही. मग निदान विणीच्या महिन्यांपुरत्या तीन गोष्टी मागा. पहिली, किमान एक यंत्र रात्रंदिवस चालू राहावं. ते योग्य भारावर चालवा, असं स्पष्ट लिहा. इथल्यासारखं फ्रान्सिस प्रकारचं टर्बाइन फार कमी भारावर थरथरतं आणि अभियंते या कारणावरून मागणी फेटाळू शकतात. दुसरी, यंत्रं एकदम बंद न करता मध्ये वेळ सोडून एकेक बंद करावीत. तिसरी, पाणी उतरण्याच्या वेगाला मर्यादा असावी. नॉर्वेत ट्राउटच्या पिल्लांवर झालेल्या प्रयोगांत पाणी तासाला १० सेंटिमीटरपेक्षा हळू उतरवल्यावर अडकणाऱ्या पिल्लांचं प्रमाण खूपच घटलं. महसीर हा वेगळा मासा आहे, त्यामुळे हा आकडा अंतिम नव्हे. सुरुवात तिथून करून, काठावरच्या पाहणीनुसार तो बदलत न्यावा, असं म्हणा.

किमान प्रवाहासाठी आधारही आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये सर्व राज्यांना सांगितलं की नद्यांमध्ये कोरड्या हंगामाच्या सरासरी प्रवाहाच्या किमान १५ ते २० टक्के पाणी वाहतं ठेवावं. केंद्राने गंगेसाठी २०१८ मध्ये हंगामानुसार २० ते ३० टक्क्यांची अधिसूचना काढली. ती नर्मदेला लागू नाही, पण अशी मांडणी सरकारला मान्य आहे हे तिच्यावरून दाखवता येतं.

औष्णिक केंद्रांकडे पाहताना

आपल्या परिसरात खंडव्याजवळचं श्री सिंगाजी (२५२० मेगावॉट) इंदिरा सागरच्या जलाशयातून पाणी घेतं आणि एनटीपीसीचं खरगोन केंद्र (१३२० मेगावॉट) नर्मदेचं. इथे धोका निराळा. पंपाच्या तोंडाशी मासे जाळीला चिकटतात, आणि अंडी-पिल्लं जाळीतून आत ओढली जातात.

तोंडाशी पाण्याचा वेग सेकंदाला १५ सेंटिमीटरच्या आत असेल तर बहुतेक मासे पोहून सुटू शकतात. अमेरिकेच्या नियमांत हीच मर्यादा आहे. तपासणं सोपं आहे. १३२० मेगावॉटचं केंद्र दर मेगावॉट-तासाला ३ घनमीटर पाणी वापरत असेल तर सेकंदाला १.१ घनमीटर पाणी उचलतं. त्याला १५ सेंटिमीटरने भागलं की सुमारे साडेसात चौरस मीटर मोकळी जागा हवी. जाळीची निम्मी जागा तारेनेच व्यापलेली असेल तर जाळी १५ चौरस मीटरची हवी. पाण्याखालची जाळी किती मोठी, भोकं केवढी, साफ कधी होते, हे तीन प्रश्न माहिती अधिकारात विचारा. विणीच्या काळात बारीक जाळी लावावी, ही मागणी खर्चाच्या मानाने फार मोठी नाही.

गरम पाण्याचा त्रास नव्या केंद्रांत कमी असायला हवा, कारण १ जून १९९९ नंतर सुरू झालेल्या आणि नदी-जलाशयाचं पाणी वापरणाऱ्या केंद्रांना शीतन मनोरे (गरम पाणी थंड करणारे मनोरे) सक्तीचे आहेत. मनोऱ्यातून बाहेर सोडलेल्या पाण्यात मुक्त क्लोरीन लिटरला ०.५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावं, आणि राखेच्या तळ्यातून निघणाऱ्या पाण्यात तरंगते कण १०० मिलिग्रॅमच्या आत हवेत. राखेचं पाणी ओढ्याला मिळताना दिसलं तर फोटो, ठिकाण आणि वेळ यांसह प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयात त्याच दिवशी लेखी द्या.

मासे अडकलेले दिसले तर

आधी फोटो, शेजारी मापासाठी पट्टी किंवा वही ठेवून. मग मत्स्यविभागाला फोन करा. मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी बंद असते. या काळात बादली-जाळं घेऊन पात्रात उतरलेला माणूस कुणालाही मासेचोर वाटू शकतो, म्हणून विभागाशी आधीच लेखी बोलणी करून ठेवा.

हात ओले करूनच मासा धरा, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा चिकट थर निघतो. बादलीत नदीचंच पाणी घ्या, सावलीत ठेवा, गर्दी करू नका, बॅटरीवर चालणारा हवेचा पंप असेल तर उत्तम. त्याच नदीच्या जवळच्या वाहत्या धारेत सोडा. तळ्यात किंवा दुसऱ्या नदीत नेऊन सोडू नका. मेलेले मासेही मोजा. मोठे, लहान आणि पिल्लं वेगवेगळी लिहा.

पिल्लं सोडण्याच्या कार्यक्रमांबद्दल

कुणीतरी म्हणेलच, हॅचरीतली पिल्लं आणून सोडू. लोणावळ्याला वळवणच्या तलावाकाठी टाटा पॉवरने १९७० च्या दशकापासून महसीरची पैदास चालवली आहे. एका वीज कंपनीने केलेलं हे मोलाचं काम आहे. बडवाह वनविभागानेही कृत्रिम प्रजननाचे प्रयोग केले आहेत. पण बाहेरची जात भलत्या नदीत सोडण्याचे परिणाम दक्षिणेतल्या कावेरीत दिसले. तिथे सोडलेला खुद्री महसीर फोफावला आणि तिथला मूळचा मोठ्या कुबडाचा महसीर आज अतिसंकटग्रस्त आहे. नर्मदेत नर्मदेच्याच माशांची पिल्लं, तीही तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, हा नियम सोडू नका. आणि रात्री पात्र कोरडं पडणार असेल तर सकाळी सोडलेल्या पिल्लांचं काय होतं, हे पाहुण्यांना बोलावण्याआधी विचारा.

पाठपुरावा

एका पूर्ण पावसाळ्याची नोंद, वीजगृहाचे आकडे आणि केवटांची निवेदनं एकत्र करून अहवाल करा. तो वर सांगितलेल्या तिन्ही कार्यालयांना आणि मत्स्यविभागाला हिंदीत द्या, पोच घ्या, भेटीची वेळ मागा. अभियंत्यांशी बोलताना आकड्यांची भाषा ठेवा. त्यांच्यातही नदीवर माया असणारे भेटतात, आणि बऱ्याचदा आतून बदल तेच घडवतात. दाद लागली नाही तर हरित लवादाचं मध्य विभागीय पीठ भोपाळला आहे. तिथे अर्जाला सहा महिन्यांची मुदत असते, म्हणून वकिलाशी वेळेत बोला.

आणखी एक दार उघडं आहे. नर्मदा पाणीतंटा लवादाचा निवाडा डिसेंबर १९७९ मध्ये राजपत्रात आला, आणि त्यातच ४५ वर्षांनंतर फेरविचाराची सोय होती. ती मुदत डिसेंबर २०२४ मध्ये पूर्ण झाली. फेरविचार झाला तर चारही राज्यं आपापल्या वाट्याचं मागतील. ओंकारेश्वरखालच्या पट्ट्यासाठी किमान प्रवाह आणि पाणी उतरण्याचा वेग यांची अट त्यात यावी, असं लेखी निवेदन प्राधिकरणाच्या इंदूर कार्यालयात आत्ताच दाखल करता येतं. सोबत घाटावरच्या नोंदींचा तक्ता जोडा.